नुसते चौकोन

दोन हजार नऊची गोष्ट. बोळिंजमधल्या मोबाईलच्या दुकानात आम्ही तिघं उभे... मी, हे आणि आमचा प्रसाद. त्याला पुण्यात नोकरी लागली होती, जाण्याआधी मला फोन घेऊन द्यायचा होता.

स्वतःसाठी त्याने टचस्क्रीनचा स्मार्टफोन घेतला होता. मलाही तसलाच घे म्हणून मागे लागला. मी मात्र साधा, बटणांचा धरून बसले. प्रीपेड कार्ड, वर टॉर्च... आणि मुख्य म्हणजे बटणांवर मराठी अक्षरं!

"आई, अगं असला फोन आपला वॉचमन वापरतो."

"मग शहाणा आहे तो," मी म्हटलं. दुकानदारही हसला.

मी मॅट्रिक झालेली बाई, इंग्रजी स्पेलिंगात अडते. कॉलपेक्षा मेसेज स्वस्त, शिवाय प्रसाद कायम मीटिंगमध्ये. बोलणं व्हायचं ते महिन्यातून एकदा, तेही घाईत. म्हणून रोज पूजा आटोपली की मी त्याला मेसेज लिहायची. एकेका अक्षराला तीन-तीनदा बटण दाबून... जेवलास का, उद्या एकादशी, आगाशीच्या देवळात तुझ्या नावाने नारळ दिला. त्याचं उत्तर यायचं, 'ओके'. तेवढ्यावर माझा दिवस बरा जायचा.

चार महिन्यांनी यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. मी लिहिलं, 'गुरुवारी बाबांचं ऑपरेशन आहे. घाबरू नकोस, पण तू ये. मला एकटीला सुचणार नाही.' उत्तर आलं, 'ओके'.

गुरुवारी नर्सने विचारलं, "मावशी, सोबत कोण आहे?" म्हटलं, मुलगा येतोय पुण्याहून. शेवटी सहीचा कागद समोर आला, तेव्हा हेच म्हणाले, "कर तू सही. अडकला असेल कुठेतरी." फोन लावला तर लागेना. शेवटी मीच सही केली...

देवाच्या कृपेने सगळं नीट पार पडलं. रागाने मी पुढे त्याला ना मेसेज केला, ना फोन. प्रसाद आला तो पंधरा दिवसांनी, गणपतीला. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच. बाबांना पलंगावर पाहून दारातूनच विचारतो, "यांना काय झालं?"

मी भडकलेच. म्हटलं, दाखव माझा मेसेज! त्याने फोन उघडला. माझ्या नावाखाली नुसते चौकोन. वर सरकवलं, तरी चौकोनच... चार महिन्यांचे. त्या महागड्या फोनात मराठी दिसतच नव्हतं.

"तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो गं... मला वाटलं, तुझं नेहमीचंच असेल, देवाधर्माचं."

यांनी भिंतीकडे तोंड केलं.

फोनला मी दोष देत नाही. पण 'आई, काय लिहिलंयस, दिसत नाही' एवढं विचारायला कुठला फोन लागतो?

आता माझ्याकडेही स्मार्टफोन आहे, त्यानेच दिलेला. मराठी स्वच्छ दिसतं, ग्रुपवर तुम्हा सगळ्यांना भरभरून लिहिते. त्याला मात्र त्या गणपतीनंतर एकही मेसेज केलेला नाही, काम असलं तर फोन करते. इतकी वर्षं झाली... मेसेज का थांबले, हे त्याने अजून विचारलेलं नाही.