उतरायला घेतलेली सायकल

केळफूल सोलायला बसले होते. हाताला तेल लावलं तरी चीक चिकटतोच, म्हणून फोन वाजला तेव्हा मी तो पदराने उचलला. पलीकडे सायमनभाऊ. त्यांनी नुसतं ‘सुमनताई’ म्हटलं आणि मला काय ते कळलं. ‘बर्ना गेली... पहाटे, झोपेतच. तुम्ही घाई करू नका, आता घाई कशाची.’ मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि ते केळफूल पुरं सोललं. का, ते विचारू नका. अर्धवट टाकलेलं केळफूल काळं पडतं, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं. मग चर्चची घंटा सुरू झाली. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून ‘कोण गं गेलं?’ म्हणून विचारलं तेव्हा मी चिकाचे हात पुसत आत निघून गेले.

बर्नादेत, आमची बर्ना. सांडोरला आमच्या दोन घरांच्या मध्ये एक केळीची बाग आणि एक विहीर. पहिलीच्या वर्गात बाईंनी आम्हाला एका बाकावर बसवलं, त्यानंतर आम्ही कधी वेगळ्या बसलो असं मला आठवत नाही. घरात ती त्यांच्या बोलीत बोलायची, माझ्याशी शाळेतल्या मराठीत, आणि रागावली की दोन्हींची भेळ व्हायची. पुढे ती वसईतल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागली आणि मी एका वकिलांकडे टायपिंगला. लग्न होऊनही ती लांब गेली नाही, सायमनभाऊ गावातलेच. त्यामुळे नोकरीची सगळी वर्षं आम्ही दोघी सकाळी सायकलींवरून बरोबर निघायचो. पोरी होतो तेव्हापासून केस पिकेपर्यंत एकच रस्ता, त्याच दोघी, आणि बर्नाची अखंड बडबड.

वाटेत दोन क्रूस लागतात. एक वाडीच्या तोंडाशी, दुसरा जरा पुढे उतारावर, गावच्या विहिरीच्या वळणाशी. दोन्ही ठिकाणी बर्ना सायकलवरून खाली उतरायची, मान लववायची, सायकल हातात धरून चार पावलं चालायची आणि मग पुन्हा बसायची. गावातले बाकीचे लोक कपाळाला हात लावून सरळ पुढे जातात, हल्लीची मुलं तेवढंही करत नाहीत. पण बर्नाची गोष्ट वेगळी होती. हायस्कूलला असताना तिने सायकलसाठी हट्ट धरला, तेव्हा मुलीच्या जातीने सायकल चालवायची म्हणजे गावाला महिनाभराचा विषय. तिची आई शेवटी तयार झाली, पण एका अटीवर : क्रुसासमोरून सायकलवर बसून जायचं नाही. सायकल मिळाली तीच मुळी उतरण्याच्या बोलीवर. आई जाऊन किती वर्षं झाली, पण बोली काही संपली नाही. मी पुढे जाऊन एक पाय टेकून थांबायची आणि चिडवायची, ‘तुझी आई वरून बघत नाहीये गं, तिला दुसरी कामं आहेत.’ ती म्हणायची, ‘तू माझ्या आईला ओळखत नाहीस का?’ ओळखत होते. म्हणून पुढे बोलायची नाही.

मग तिचा उजवा हात थरथरायला लागला. आधी ती चहाच्या कपाला दोष द्यायची, मग ऑफिसातल्या पंख्याला. मुंबईच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हाताचं तिने मनावर घेतलं नाही, पण वर्षा-दोन वर्षांत पाय अडायला लागले आणि तिथे मात्र ती घाबरली. चालता चालता मध्येच पाय जमिनीला खिळायचे. शाळेच्या फाटकात, दाराच्या उंबऱ्यावर, गर्दीत हमखास. ती उभी असायची, पाऊल टाकायची इच्छा असायची, आणि पाऊल म्हणून निघायचं नाही. ‘पायांना कुणीतरी खालून धरून ठेवतं बघ,’ म्हणायची. सायकल बंद झाली, तेव्हा ती शेअर रिक्षाने जायला लागली. एकदा मी बरोबर होते. रिक्षात चढताना तिचा पाय अडला, मागे हॉर्न सुरू झाले. रिक्षावाला ओरडला, ‘मावशी, जल्दी करो ना, पीछे बस खडी है!’ संध्याकाळी बर्ना माझ्या पडवीत बसून म्हणाली, ‘सुमन, मला कुणी भाजीच्या टोपलीसारखं उचलून ठेवलेलं चालणार नाही. माझी मी जाईन, नाहीतर नोकरी सोडेन.’ नोकरी सोडून ती घरात बसली असती तर महिन्याभरात विझली असती. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

आणि मग ते घडलं, ज्याला मी तेव्हा चमत्कार समजले. तिच्या अंगणात माझी सायकल उभी होती. ती म्हणाली, धर जरा. मी सीट धरली, ती कशीबशी बसली, मी थोडा रेटा दिला आणि... बर्ना गेली. सरळ, ताठ, अगदी पूर्वीसारखी. अंगणाच्या टोकाला वळून परत आली, पुन्हा गेली. जिला स्वयंपाकघरातून पडवीत यायला भिंत धरावी लागत होती ती बाई सायकलवर हसत होती. सायमनभाऊ हातातली बादली तशीच धरून बघत राहिले. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना फारसं नवल वाटलं नाही. म्हणाले, काही पेशंटना चालणं जमत नाही पण सायकल जमते, चालवू दे, फक्त चढता-उतरताना सांभाळा. त्या वाक्याचा शेवटचा तुकडा आमच्यापैकी कुणीही नीट ऐकला नसावा.

तिची जुनी सायकल जड होती, स्टँडवरून काढतानाच तिला धाप लागायची. म्हणून आम्ही वसईच्या बाजारात नवी घ्यायला गेलो. दुकानदार तरुण होता. ‘मॅडम, ही घ्या, एकवीस गिअर, डिस्क ब्रेक. मॉर्निंगला सगळे हीच चालवतात.’ बर्ना म्हणाली, ‘मला मॉर्निंगला नको, ऑफिसला जायला पाहिजे.’ मग ती एकेक सायकल अशी बघायला लागली, जशी आमच्याकडच्या बायका पापलेट बघतात. गिअर नकोत, बोटं ऐनवेळी कुठे शोधत बसणार. मधला दांडा नको, पाय उचलावा लागतो. टायर फार बारीक नकोत, रस्त्याच्या कडेच्या भेगेत अडकतात, फार जाडही नकोत, ओढायला जड. चेनला पूर्ण कव्हर, मागच्या चाकाला साडीसाठी जाळी, पुढे डब्यापुरती टोपली. शेवटी एक खाली वाकलेल्या दांड्याची साधी हिरवी लेडीज सायकल तिच्या मनाला आली. मग तिची जुळवणी. हँडल वर घेतलं, म्हणजे पाठ सरळ राहील. उजवा हात थरथरायचा, त्याने पुढचा ब्रेक अचानक आवळला तर तोंडावर आपटायची भीती, म्हणून ब्रेकच्या वायरी उलटसुलट करून घेतल्या. घंटी डावीकडे बसवली, कारण उजवीकडे ती आपोआप वाजायची आणि बाजारातले लोक वळून बघायचे. आम्ही खूप हसलो त्या दिवशी. इतकं हसून झालं आणि मग सीटवरून आमचं भांडण झालं.

सायकलची सीट किती उंच हवी, हे वर्षानुवर्षं सायकल चालवणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. टाच खालच्या पेडलवर ठेवली की गुडघा सरळ व्हावा. तेवढी उंच असली की पायाला ताकद लागत नाही, माणूस दमत नाही, आणि दमलं की बर्नाचे पाय जास्त अडायचे हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. मी सीट तेवढी लावून घेतली. बर्ना बसली आणि म्हणाली, खाली घ्या. दुकानदाराने खाली घेतली. आणखी खाली. शेवटी सीट इतकी खाली आली की दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकत होते आणि पेडल मारताना गुडघे पोटाशी येत होते. मी चिडले. म्हटलं, ‘बर्ना, तू सायकल चालवायला घेतेस की उतरायला?’

‘उतरायला,’ ती लगेच म्हणाली.

दुकानदाराला वाटलं ती गंमत करते आहे. मला माहीत होतं, ती दोन क्रुसांचा हिशेब करत होती. दुसरं कुणी असतं तर त्याने असा विचार केला असता : अंगणात बसायचं, ते थेट शाळेच्या फाटकात उतरायचं, तिथे शिपाई सायकल धरेल, संपला प्रश्न. ज्या आजारात एकच गोष्ट करू नये, वाटेत उतरू नये, तीच गोष्ट करता यावी म्हणून आम्ही सबंध सायकल जुळवून घरी आणली. असली चूक आमच्या सांडोरलाच होऊ शकते.

पण सव्वा वर्ष ती गेली त्या सायकलवरून. हे मी लिहिलंच पाहिजे. सायकल चालत असायची तोवर बर्ना निरोगी असायची, बडबडायची, लोकांच्या अंगणातल्या फुलांवर टीका करायची. क्रूस आला की उतरायची आणि तिथे मग ती थिजून उभी राहायची, कधी थोडा वेळ, कधी बराच. मी मागे येऊन तिच्या पायापुढे माझी चप्पल आडवी धरायची, ती ओलांडून जा म्हणायची. ओलांडायला काही दिसलं की तिचं पाऊल निघायचं, हे आम्हाला असंच कळलं होतं. पण हे असं किती दिवस चालणार? शेवटी मी चर्चमध्ये जाऊन फादरना भेटले. हिंदू बाई कॅथलिक बाईची चहाडी करायला आलेली पाहून त्यांना गंमत वाटली असेल, पण त्यांनी ऐकून घेतलं आणि रविवारची त्यांची प्रार्थना, मिस्सा, झाल्यावर तिला सांगितलं की सायकलवरूनच क्रुसाची खूण कर, देवाला तेवढं पुरे. बर्नाने काय उत्तर दिलं ते तिनेच मला सांगितलं : ‘फादर, शब्द मी देवाला नाही, आईला दिलाय. देवाला समजवायला तुम्ही आहात, माझ्या आईला कोण समजवणार?’ फादर हसले म्हणे. मी नाही हसले. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिच्या अंगणात सायकल घेऊन उभी राहिले.

ती पडली ती विहिरीच्या वळणाशी. गाडी नव्हती, डंपर नव्हता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ती उतरली, मान लववली, पाय तिथेच खिळले आणि उतारावरून सायकल आपली पुढे निघाली. तिचे हात हँडलवर. सायकल तिला घेऊन गेली, पाय मागेच राहिले. मी पुढे थांबले होते आणि मागे वळून बघत होते, त्यामुळे मला ते सगळं दिसलं. मी धावले तेव्हा ती कुशीवर पडलेली होती, चेहरा पांढराफटक, आणि मला म्हणाली, ‘सायकल बघ गं, टोपली वाकली का...’ टोपली वाकली नव्हती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं, तेही चांगलं झालं म्हणाले. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कंपवात कसा खातो ते मी पाहिलं. दर आठवड्याला काहीतरी जायचं. आधी कूस बदलणं, मग चमचा धरणं, मग आवाज. जिच्या बडबडीने मी सगळी वर्षं वैतागले तिचं बोलणं ऐकायला मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा. मी डॉक्टरांना विचारलं होतं, त्या दिवशी ती उतरली नसती तर? ते म्हणाले, आज नाही तर सहा महिन्यांनी, घरात, न्हाणीत, कुठेतरी पडल्याच असत्या. ते मला धीर द्यायला बोलले असतील, पण त्यात धीर कसला? म्हणजे चुकीची सायकल घेतली म्हणून ती गेली नाही आणि बरोबर घेतली असती तरी राहिली नसती. मी कुणावर रागवायचं? तिच्या आईवर रागवून झालं, आजारावर झालं, बर्नावर तर रोज रागावते. ‘देव तिला शांती देवो’ असं सगळे म्हणाले, मीही म्हटलं. पण ती तिथेही आईजवळ बसून माझ्या तक्रारी सांगत असेल, या कल्पनेनेसुद्धा मला बरं वाटत नाही. ती इथे नाही, एवढंच मला समजतं.

शेवटचं मी तिला भेटले तेव्हा ती काहीतरी पुटपुटली. मी वाकले. ‘रस्ता कसा आहे?’ विचारत होती. म्हटलं, खणून ठेवलाय, तू नाहीस तेच बरं. तिच्या चेहऱ्यावर आता हसू उमटत नसे, पण डोळे हसले असं मला वाटलं. वाटलं, इतकंच म्हणते.

गेल्या आठवड्यात तिची महिन्याची मिस्सा झाली. नंतर घरी चहा होता. लोक पडवीत होते, मी तिच्या खोलीत गेले. पलंग हलवलेला होता, खोली झाडून-पुसून स्वच्छ केलेली. फरशीवर मात्र त्या पिवळ्या चिकटपट्ट्या तशाच होत्या. ऑपरेशननंतर व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्या लावून घेतल्या होत्या, पावलापावलाच्या अंतरावर आडव्या, एकेक ओलांडत पलंगापासून दारापर्यंत जायचं. बर्नाने ते फार मनापासून केलं होतं. रोज करायची, सायमनभाऊंना धरून, अंगात त्राण होतं तोवर करायची. मला म्हणायची, दारापर्यंत पोचले की पुढचं माझं मी बघते.

सायमनभाऊ माझ्या मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘काढायला बसलो होतो, सुमनताई. मग राहिलं.’ मी खाली बघत होते. पलंगाजवळच्या पट्ट्या झिजून फाटल्यात, पिवळा रंग पार गेलाय, कडा काळ्या झाल्यात. त्यापुढच्या दोन जरा बऱ्या आहेत. आणि तिथून दारापर्यंतच्या सगळ्या पट्ट्या नव्याकोऱ्या आहेत, लावल्या तेव्हा होत्या तशाच.