फोल्डर कोणी काढलं

शालिकला मी भर सभेत चोर म्हटलं होतं.
आज त्याचं तेरावं.

आंधळगावच्या आमच्या मच्छीमार सोसायटीचं कॉम्प्युटरचं काम तो बघायचा. मी सचिव.
एक कॉम्प्युटर ऑफिसात, एक मोहाडीला अध्यक्षांकडे, आणि जवाहरनगरला घरी माझा लॅपटॉप. तिन्ही त्यानं नेटवरून जोडले. एकीकडे लिहिलं की तिन्हीकडे दिसायचं.

मला ते कधी पटलं नाही. माझं लिहिलेलं तिकडे कोण उघडतं, मला काय कळणार?

दोन वर्षांपूर्वी, तलावाच्या ठेक्याचा अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी, सभासदांच्या कागदपत्रांचं फोल्डर तिन्हीकडून गायब झालं.

शालिकचा फोन आला. "मॅडम, आज सकाळी घरी लॅपटॉपची साफसफाई केली का तुमी?"
"केली. जागा नव्हती, माझ्याकडची कॉपी काढली. ऑफिसच्या फाइलींचा काय संबंध?"
"तिन्ही एकच हायेत ना जी."
"तीन गावांत तीन मशीन, आणि म्हणे एकच. मले शिकवून राहिला का?"

मी टाइपरायटरच्या काळातली. कार्बनची प्रत फाडली म्हणून मूळ कागद फाटतो का?

अर्ध्या तासात त्यानं फोल्डर परत आणलं.
माझा संशय पक्का झाला. ज्यानं लपवलं, त्यालाच सापडणार.

सभेत तसंच बोलले. त्याचं काम काढून घेतलं.
तो एवढंच म्हणाला, "अर्ज गेला ना, मॅडम? मंग झालं."
मला तेही साळसूद वाटलं.

त्यानंतर तो तलावावर दिसायचा. ऑफिसची पायरी चढला नाही.

मागच्या आठवड्यात त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं, सुनंदानं, पासवर्डची वही हातात दिली. "तुमच्या ऑफिसची हाय. घरात नोको."
ती मागून घ्यायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

माझ्या मनात पहिलं काय आलं? दोन वर्षं हा आमच्या फाइली बघत होता की काय.
वहीतल्या पासवर्डनं खातं उघडून तपासलं. सभेनंतर त्याचं एकही लॉगिन नाही.

त्या दिवसाची नोंद मात्र होती.
डिलीट केलं: मॅडम घर.
परत आणलं: ऑफिस.

त्यानं नोंद फिरवली असेल, असंही वाटलं. म्हणून घरी एक कोरी फाइल केली आणि डिलीट केली. लगेच नोंद उमटली. मॅडम घर.

आरोप चारचौघांत केला, म्हणून हेही चारचौघांत लिहिते. पुढच्या सभेत उभी राहून वाचणार आहे.
माझं ऐकून ज्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, त्यांनी आज सुनंदाकडे जाऊन यावं.

शालिक, फोल्डर मी काढलं होतं.
माफी मागायला उशीर झाला. तुला मनापासून श्रद्धांजली.