अण्णा, दत्तोपंत आणि दोघांचा पेपर

माझे आजोबा स्वतःच सुरू केलेला पेपर विकत घेऊन वाचायचे.

आज त्यांचा स्मृतिदिन. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. मी कॉलेजात असताना त्यांनी हे मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं.

अण्णा मूळचे करकंबचे. वीसच्या दशकात सोलापुरात आले. दत्तोपंत त्यांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांना पार्टनर म्हणून घेतलं आणि साखर पेठेत साप्ताहिक काढलं.

अण्णा लिहायचे, दत्तोपंत जाहिराती आणायचे.

मशीन सेकंडहँड, अक्षरांचे खिळे झिजलेले. "आमच्या पेपरात ‘क’ कायम लंगडा यायचा," हे सांगताना अण्णा हसायचे.

गिरणी कामगारांच्या खोल्यांबद्दल, पाण्याबद्दल ते लिहायला लागले आणि पेपर पार टेंभुर्णीपर्यंत गेला.

मग तीस साल आलं. शहरात मार्शल लॉ.

छापखान्याला कुलूप लागलं.

कुलूप काढायची अट एकच. सरकारविरुद्ध काही छापणार नाही, असं लिहून द्यायचं.

"दत्तू, सही करून छापणार काय? बाजारभाव?"

"हो, बाजारभाव! पण मशीन तर चालेल की रे. आपली माणसं घरी बसलीत. त्यांची पोरं काय खातील?"

"मग तू कर सही."

"आणि तू?"

 अण्णांनी टोपी घातली आणि ते निघाले.

पेपर पुन्हा सुरू झाला. प्रकाशक म्हणून एकट्या दत्तोपंतांचं नाव.

कोण बरोबर होतं, मला आजही सांगता येत नाही.

अण्णा शिकवण्या घ्यायला लागले. पोलिसांची नजर आहे म्हणून ओळखीचे लोक घरी येईनात. संध्याकाळी ते एकटेच सिद्धेश्वर तळ्याकडं जायचे.

छापखाना घराच्याच गल्लीत. मशीन सुरू झालं की आजी खिडकी लावून घ्यायची.

"राहू दे उघडी," अण्णा म्हणायचे.

अंक हातात आला की सवयीनं पेन्सिल घेऊन चुका दुरुस्त करायचे. मग घडी घालून ठेवून द्यायचे. दाखवणार कुणाला?

काही वर्षांनी दत्तोपंत तापानं अंथरुणाला खिळले. मशीन चालवणारा नरसय्या घरी आला.

"अण्णा, मालक लई आठवण काढतेत. येऊन जावा की."

अण्णा कोट घालून निघाले. दत्तोपंतांच्या दारापर्यंत गेले. आतून खोकला ऐकू आला.

तिथूनच परत फिरले.

"आत जाऊन बोलणार काय होतो रे मी?" त्यांनी मलाच विचारलं.

दुसऱ्या दिवशी दत्तोपंत गेले.

स्मशानातून अण्णा तडक छापखान्यात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कुणी अडवलं नाही. मृत्युलेखासाठी पहिल्या पानावर अख्खा कॉलम राखून ठेवला होता.

कागद न घेता ते उभ्या उभ्या खिळे जुळवू लागले.

दत्तोपंतांचं नाव. गाव. आणि एक वाक्य : ‘हा पेपर यांनी जगवला.’

पुढं हात चालेना.

 नरसय्या हळूच म्हणाला, "अण्णा, बाकीची जागा कशानं भरू?"

"राहू दे रिकामी."

अंक तसाच निघाला.

अण्णा, आज तुम्हाला नमस्कार. दत्तोपंतांनाही, तुमच्याबरोबरच.