आबांची मूठ आणि जवसाचं तेल

लकव्याच्या झटक्यानंतर आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डाव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. बोटं चालवत राहा, नाहीतर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. रबरी चेंडू आणला, तो आबांनी भिरकावला. "मी काय लेकरू हाय का?" मग पुण्याला शिकायला गेलेल्या माझ्या मुलीची गिटार मी त्यांच्या मांडीवर ठेवली. एके काळी गायन पार्टीत पेटी वाजवणारा माणूस, राहवलं नाही. उजव्या हातानं डावी बोटं एकेक करून तारांवर बसवायचे आणि दाबायचे. सूर कमी, खडखड जास्त, पण बोटं हलायला लागली.

आडवा आला तो रंग. तारांखालची, बोटं दाबायची पट्टी साध्या लाकडाची, वरून काळी रंगवलेली. आमच्या पाथरीच्या उन्हाळ्यात घाम सुटला की रंग बोटांवर, तिथून पांढऱ्या सदऱ्यावर. आबा पडले टापटिपीचे. शिवाय डाग बघायला दुसऱ्या हातानं मूठ उकलावी लागायची, तेवढ्यानंच त्यांचं डोकं फिरायचं. एक दिवस म्हणाले, "उचल हे काळतोंडं. मी न्हाई आता हात लावायचा."

तारा काढून पट्टीला फर्निचरवाल्याकडचं लाखेचं पॉलिश मारलं. नवरीसारखी नटली, पण घामाचा हात लागताच चिकट झाली. ते सगळं स्पिरिटनं पुसून काढलं. चकचकीत लॅकर मारावं, तर दाबून दाबून त्याचे टवके उडणार. अशात स्वयंपाकघरात जवसाच्या तेलाचा डबा हाताला लागला. बाहेरून ओघळलेलं तेल वाळून असं कडक झालं होतं की नखानं खरवडेना. मी बघतच राहिलो.

कोरडं फडकं स्वच्छ निघेपर्यंत पट्टीवरचा सुटा रंग पुसला. मग तेल पातळ चोळलं, उरलेलं टिपलं, वाळू दिलं, परत चोळलं. तेलाचं फडकं चुरगळून ओट्यावर टाकलं होतं. दुपारी हात लावला तर गरम! विस्तव नाही, ऊन नाही. घाबरून ते पाण्यात बुडवलं. नुसत्या हवेवर हे तेल तापतं, घट्ट होतं, लाकडाची कातडी होऊन बसतं. आणि आम्ही ते जन्मभर चटणीवर ओतून खाल्लं! हात जोडायचेच काय ते बाकी होते.

पट्टी पुरती वाळल्यावर तारा चढवल्या. आबांनी नाक मुरडत गिटार घेतली आणि रोज वाजवत राहिले. रंगाचं विचारायची मात्र मला छाती होईना. उन्हाळा सरत आला तेव्हा एकदाचं विचारलं, "रंग लागायलाय का, आबा?"

आबांनी डावा हात वर केला. "बघ की. कोरा हाय."

मी वेड्यासारखा एकेक बोट न्याहाळत होतो. खरंच, डाग म्हणून नव्हता. आई दारातच थबकली होती.

"अवो, रंगाचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मूठ कुणी उकलली?"

आबांचा उजवा हात अजून गिटारीवरच होता.