बयनाबाईंचा ळ

सकाळी चहाची कपबशी खाली ठेवली की बयनाबाई उशाखालचं शाईचं पेन काढत आणि पहिल्या गाडीनं आलेल्या वर्तमानपत्राच्या समासात एक ळ लिहीत. एकच. मग पेपर जरा लांब धरून त्या अक्षराकडे बघत. रेघ थरथरली नसली तर म्हणत, आज हात बरा हाय. त्यानंतरच वाचायला सुरुवात, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून, हळूहळू.

त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या. लग्नाआधी गुडीहत्नूरजवळच्या शेतांत मजुरीला जात. नवरा डोमाजी, आदिलाबादला शिक्षक. शाळेत दिवसभर तेलुगू, कचेरीत उर्दूचे जुने शब्द, बाजारात हिंदी. घरची मराठी कुठेच लिहिली जात नाही, याची डोमाजींना खंत होती. म्हणून लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांनी ‘मळणी’ नावाचं वार्षिक काढलं. वर्षाला एक अंक, बुद्धपौर्णिमेला. पहिला अंक म्हणजे हातानं लिहिलेली एकच वही. ती कापडी पिशवीतून घरोघर फिरली आणि वर्षभरानं हळदीचे डाग घेऊन परत आली. पुढे मेणकागदावर लिहून शाळेच्या यंत्रावर प्रती निघाल्या. हाताला दोन दिवस निळा रंग राही. मग गावात शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवून छापणारा एक छापखाना मिळाला, आणि तिथे अडचण झाली. त्याच्याकडचे खिळे हिंदीचे. त्यांत ळ नव्हता.

पहिल्यांदा त्यानं सगळीकडे ल लावला. ‘मलणी’ झालं, काळ्या मातीवरच्या लेखात सगळी माती ‘काली’ झाली. डोमाजी गुरुजी तक्रार घेऊन गेले तर मुद्रक म्हणाला, “काली ही तो है गुरुजी, और कितनी काली करूँ?” गुरुजी घरी येऊन हे सांगताना स्वतःच हसले, पण त्या रात्री जेवले नाहीत. शेवटी असं ठरलं की मुद्रकानं ळची जागा मोकळी सोडायची आणि फर्मे, म्हणजे न दुमडलेले छापील कागद, घरी आणून ती हातानं भरायची.

गुरुजी शाळेत जात. मोकळ्या जागा तर शेकडो. तेव्हा त्यांनी बायकोला पाटीवर ते अक्षर काढून दाखवलं. बयनाबाईंनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “वर जू, अन् खाली दोन बैल.” तसंच त्यांनी काढलं. ळनं सुरू होणारा शब्द मराठीत सापडत नाही. बयनाबाईंचं शिकणं मात्र ळपासून सुरू झालं. मोकळ्या जागेच्या आधीचं अक्षर कोणतं, नंतरचं कोणतं, असं विचारत विचारत त्या वाचायला शिकल्या. गल्लीतल्या बाया चिडवायच्या, ळवाली आली म्हणून. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही.

गंमत अशी की हे अक्षर त्यांच्या जिभेवर कधीच नव्हतं. इकडे डोळ्याला डोया म्हणतात, मळणीला मयनी, आणि उन्हात कपडे वाळत नाहीत, वायतात. बयनाबाई शेवटपर्यंत तसंच बोलल्या. ळ त्यांच्याजवळ फक्त हातात होता.

पुढे ऑफसेट आलं, संगणक आला, ळ आपोआप छापला जाऊ लागला. पेन उशाखाली गेलं. फर्मे मात्र घरीच येत. घडी घालणं आणि टाचणं बयनाबाईंकडे राहिलं. सहा वर्षांपूर्वी गुरुजी गेले. अंक मुलीनं, प्रतिभानं हाती घेतला. तीही शिक्षिका.

या वर्षी प्रतिभा म्हणाली की आता कागद नको. वाचणारे थोडे उरले, सगळ्यांकडे फोन आहेत, एका दिवसात मुधोळपर्यंत अंक पोचेल. तिनं फोनवर ‘मळणी’चं पान उघडून आईच्या हातात दिलं. बयनाबाईंनी पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. पान सरकलं. पुन्हा ठेवलं, पान मोठं झालं, शब्द कडेला गेले.

“बोट ठेवलं का पयते वं हे,” त्या म्हणाल्या. “मंग मी वाचू कशी?”

प्रतिभानं पान पुन्हा जागेवर आणलं. ती म्हणाली, बरं, यंदा छापू, पण शेवटचं. बयनाबाईंनी फोन परत दिला. त्यांना वाचता येई ते बोटानं. कागद गेला की वाचणं जाणार, हे दोघींनाही कळलं होतं.

पौर्णिमेला पाच दिवस असताना शंभर प्रतींचे फर्मे घरी आले. प्रतिभानं वरचा कागद उचलला आणि तशीच उभी राहिली. फोनवर नीट दिसलेला मजकूर छपाईच्या दुकानातल्या संगणकावर गेल्यावर, तिथल्या नक्षीदार फॉन्टमुळे, मथळ्यांतला आणि कवितांतला प्रत्येक ळ नाहीसा झाला होता. त्याच्या जागी रिकामा चौकोन. तेलुगू पत्रिका छापणाऱ्या त्या दुकानात कुणाच्या ते लक्षात येणं शक्य नव्हतं. पुन्हा छापायचं तर लग्नपत्रिकांच्या घाईत आठ दिवस लागणार होते.

“राहू दे माय,” प्रतिभा म्हणाली. “फोनवरचा नीट हाय. तोच धाडतो सगळ्यायले.”

बयनाबाईंनी फर्मा मांडीवर ओढला, चौकोनांवरून बोट फिरवलं. “हे तं माह्यं काम हाय,” म्हणाल्या आणि पेन मागितलं.

एका प्रतीत तीसेक चौकोन. पाच दिवस त्या ओसरीवर बसून होत्या. नातीनं, साक्षीनं, मदत करते म्हटलं तर तिला वर्तमानपत्राच्या समासात दहा ळ काढायला लावले, बघितले, आणि तिला कागद उन्हात पसरायच्या कामावर घेतलं. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागला. मग त्या डाव्या हातानं उजवं मनगट धरून लिहू लागल्या. मुखपृष्ठावरचा ‘मळणी’तला ळ त्यांनी सगळ्यांत शेवटी ठेवला होता. पौर्णिमेच्या आदल्या दुपारी शंभरावा झाला.

त्या दुपारी बयनाबाई झोपल्या त्या उठल्या नाहीत. अंक पौर्णिमेलाच निघाला. टाचायला प्रतिभा आणि साक्षी बसल्या होत्या. गुडीहत्नूरला, इंद्रवेल्लीला, मुधोळला तो गेला. कुठे कुठे ळ वाकडा आहे. जोखडातला एक बैल मागे राहिल्यासारखा. पुढच्या वर्षी फर्मे कुठे छापायचे, हे प्रतिभा आता साक्षीला विचारते.

त्या दुपारी, झोपायला जाण्याआधी, शेवटचा कागद बाजूला ठेवून बयनाबाईंनी पेनाचं टोपण लावलं. प्रतिभा घाईनं तो दुमडायला गेली, तर त्यांनी तिचा हात धरला.

“शाई वायू दे आधी,” त्या म्हणाल्या. “मंग घडी घाल.”