मामाची लोड टेस्ट

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हृदयाच्या नळ्यांत दोन स्प्रिंगा बसवल्या, तेव्हा शुद्धीवर येताच मी पहिला प्रश्न विचारला तो वॉरंटीचा. त्यात माझी काही चूक नव्हती. सगळी नोकरी चाकणच्या एका कारखान्यात क्रेनच्या देखभालीवर काढलेला माणूस दुसरं काय विचारणार? दुसरा प्रश्न मात्र मी जरा खाकरून विचारला. म्हटलं, भाचीला उचलता येईल का?

आमच्यात नवरीला मामा मांडवात उचलून आणतो. हात धरून नाही, मागं उभं राहूनही नाही, उचलून. मोशीच्या आमच्या भावकीत हा नियम इतका कडक, की एका मामाने स्वतःचा पाय प्लास्टरमध्ये असताना भाची आणली होती. दुसऱ्या एकाने तर जोशात नवरीबरोबर करवलीही उचलली आणि दोघींना बोहल्यावर उभं केलं. नवरदेवाचा क्षणभर गोंधळ झाला म्हणतात.

माझी धाकटी बहीण कासारवाडीला दिलेली. तिला एकच मुलगी, हिंजवडीला कंपनीत आहे, आणि तिचं लग्न वैशाखात ठरलेलं. बहिणीला सख्खा भाऊ मी एकटाच. मी उचललं नाही तर उचलणार कोण? तर माझा चुलतभाऊ. याने जमीन विकल्यापासून दोनच गोष्टी केल्या, गळ्यात सोनं वाढवलं आणि दंड वाढवले. मी दवाखान्यात असताना हा भेटायला आला, माझ्या खाटेचं टोक एका हाताने उचलून पाहिलं आणि म्हणाला, "काळजी करू नको दादा. मी हाय की स्टँडबाय."

स्टँडबाय! हा शब्द आमच्या खात्यात मी दुसऱ्यांसाठी वापरत आलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी थेट नाही म्हटलं नाही. थोडे महिने जाऊ द्या, मग वजनाचा व्यायाम सुरू करा म्हणाल्या, पण हलका, हळूहळू वाढवत, आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. पायात-पाठीत ताकद आली की तेच वजन हृदयाला हलकं पडतं, असंही म्हणाल्या. शेवटी दम कोंडण्याबद्दल काहीतरी सांगितलं. पण तोवर मी मनाने मांडवात पोचलो होतो.

आमच्या गल्लीत, जिथं पूर्वी कांद्याची चाळ होती, तिथं आता चार मजली इमारत आणि वर व्यायामशाळा आहे. तिथं सकाळी लातूरकडच्या एक बाई आमच्यासारख्या पिकलेल्या लोकांना शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात गुलाबी डंबेल दिलं. लहान पोरीचा खुळखुळा असावा तेवढं. ते मी काही वेळा वर-खाली केलं आणि माझ्या छातीत असा ठोका सुरू झाला, की शेजारी सायकल मारणाऱ्या आजोबांनी खिडकीबाहेर डोकं काढून ढोलपथक कुठं दिसतंय का पाहिलं.

पण माणूस सवयीचा असतो आणि हृदय त्याहून. गुलाबीचं निळं झालं, निळ्याचं काळं झालं. खुर्चीतून हात न टेकता उठायला लागलो. गॅसची टाकी एकट्याने हलवली, तर आमच्या हिने शेजारणीला बोलावून दाखवली. बसल्याजागी नाडी पूर्वीपेक्षा सावकाश चालू लागली, रक्तदाबही जरा खाली उतरला. माझं हृदय पैलवान झालं का, असं मी डॉक्टरीणबाईंना छाती फुगवून विचारलं. त्या म्हणाल्या, पैलवान झाले ते पाय. आता पाय आपलं काम आपण करतात, म्हणून हृदयाला आरडाओरडा करावा लागत नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. घोळ घातला तो आमच्या कारखान्यातल्या निवृत्त मंडळींनी.

आम्ही सगळे रविवारी चहाच्या टपरीवर जमतो. त्यात एक जुना क्रेन ऑपरेटर आहे. या माणसाने उभ्या आयुष्यात बायकोलासुद्धा हाताच्या खुणांनीच वर-खाली बोलावलं. त्याने मुद्दा काढला, "राव, नवीन क्रेन कामाला लावायच्या आधी सव्वापट वजन उचलून दाखवायला लागतं. तू तर दुरुस्तीतून आलेला. टेस्ट नको?"

यात कुणालाच काही वेडेपणा दिसला नाही, हे आज सांगताना मला स्वतःला खरं वाटत नाही. उलट, ही गोष्ट आपल्या आधी कशी लक्षात आली नाही, याची प्रत्येकाला लाज वाटली. लगेच हिशेब झाला. भाचीचं वजन, त्यात शालू, दागिने, मुंडावळ्या आणि हारही धरला. त्याच्या सव्वापट जे आलं, ते ऐकून सगळ्यांच्या माना एकदम माझ्याबरोबर आलेल्या मेहुण्यांकडे, म्हणजे भाचीच्या बापाकडे वळल्या. दाजी भज्यांची दुसरी ताटली संपवत होते. किलोभरसुद्धा इकडेतिकडे नाही.

दाजींनी हात पुसले. म्हणाले, "पोरीसाठी जीव द्यायला तयार हाय मी. उचलून घ्यायला न्हाई कशाला म्हणू?"

पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाचणी झाली. खडूने भोवती रेघ मारली, रेघेच्या आत कुणी यायचं नाही. साडीमुळे हात कसा निसटतो याचा अंदाज यावा, म्हणून दाजींच्या अंगावर आमच्या हिचा लग्नातला शालू गुंडाळला. मिशा तेवढ्या उघड्या राहिल्या. वॉचमनने काही न विचारता गाड्या बाजूला लावायला सुरुवात केली. त्याला वाटलं, वऱ्हाड येतंय.

ऑपरेटरने खूण केली. मी दाजींना उचललं.

आता इथे आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. भार जमिनीवरून सुटला की तो वीतभर वर घ्यायचा आणि थांबायचं. ब्रेक धरतोय का पाहायचं, मग पुढं. त्या थांबण्यात अख्खं खातं श्वास रोखून उभं असतं. मीही वर्षानुवर्षं रोखला होता. तर दाजी वीतभर वर आले, ऑपरेटरने पंजा दाखवला, मी थांबलो आणि सवयीने दम कोंडला. ऑपरेटर माझा ब्रेक सरकतोय का हे इतक्या मन लावून बघत बसला, की पंजा खाली घ्यायचं विसरला. मी शिस्तीचा माणूस. खूण नाही तर हालचाल नाही, श्वाससुद्धा नाही. कान वाजायला लागले. पार्किंगचे पिवळे खांब लेझीम खेळायला लागले. मग मी सावकाश खाली बसलो, माझ्यावर दाजी बसले आणि आम्हा दोघांवर शालू बसला.

माझ्या मनगटावर भाचीने दिलेलं घड्याळ होतं. माणूस पडला की ते चहाडी करतं. सुट्टीतही कामावर गेलेल्या भाचीला हिंजवडीत कळलं आणि ती तशीच निघाली. पण हिंजवडीहून निघणं आणि पोचणं यांच्या मधल्या काळात लोकांची पोरं शाळेत जायला लागतात. ती आली तोवर मी दवाखान्यात जाऊन, छातीचा आलेख काढून, परत येऊन मऊ भात खात होतो.

ती दारातच उभी राहिली. डोळे लाल. मला म्हणाली, "मामा, मी चालत येईन. नाहीतर त्या मामाला उचलू दे. मला तू लग्नात हवायस, फोटोत नको."

मी भाताची ताटली बाजूला सारली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला असं झापलं, की बाहेर रांगेतल्या पेशंटांचे रक्तदाब वाढले. मशीनची सव्वापट चाचणी घेतात, माणसाची नाही. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं, दम सोडला की पुन्हा सगळी उलथापालथ होते आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. "नापास तुमचं हृदय झालं नाही," त्या म्हणाल्या, "तुमची पद्धत झाली." थोडे दिवस विश्रांती घ्यायची, मग पुन्हा खालून सुरुवात. श्वास चालू ठेवून भाचीएवढं वजन आरामात उचललं तरच भाची. नाहीतर स्टँडबाय.

व्यायामशाळेतल्या बाईंनी मग माझ्या श्वासाच्या मागं हात धुऊन लागायचं ठरवलं. मोजायला लावलं, मी मनातल्या मनात मोजायचो. फुंकायला लावलं, मी तोंड मिटायचो. उचलायला वाळूचं पोतं दिलं, ते जमिनीवरून सुटलं की माझी वाचा बंद. त्या कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "काका, काय करायलाव? श्वास सोडा की!"

एक दिवस पोतं उचलता उचलता मी त्यांना कारखान्यातली एक गंमत सांगत होतो. गंमत रंगली. पोतं छातीशी कधी आलं, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला कधी पोचलो, मलाच कळलं नाही. बाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही गप बसलाव की धोका हाय. बोलत ऱ्हावा."

मला बोलत राहण्याचा सल्ला देणारी ही जगातली पहिली व्यक्ती. आमची ही तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाही.

बाईंनी होकार दिला, डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासून होकार दिला. भाचीने मात्र अट घातली. क्षणभर जरी मी गप्प झालो, तरी ती उडी मारून चालू लागेल.

लग्नाच्या दिवशी लॉन्सवर चुलतभाऊ बाह्या सारून माझ्या दोन पावलं मागं उभा होता. मी गुडघे वाकवले, श्वास सोडत भाचीला उचललं आणि गोष्ट सुरू केली. आमच्या एका साहेबाची सासू कारखाना बघायला आली होती. कुठं उभं राहायचं ते न कळून ती थेट हुकाखाली उभी राहिली, आणि पदर हुकात अडकला. सासू निघाली वर. मी पाऊल टाकत होतो आणि सासू चढत होती. वाटेत फोटोवाला उलटा चालत आडवा आला. म्हणाला, मामा, फोकस गेला, पुन्हा एकदा. मी तसाच मागं फिरलो, सासू तेवढ्यात छताला लागली. चुलतभाऊ माझ्या मागून येत होता, पण आता मला धरायला नाही. त्याने एक कान पुढं केला होता.

बोहल्याशी पोचलो. गुरुजी म्हणाले, मामा, ठेवा खाली, मुहूर्त साधायचाय. भाचीने माझा गळा आणखी घट्ट धरला.

"आधी सासूचं सांग."

अंतरपाटामागं नवरदेवही थोडा कलला. माझ्या हृदयाचं म्हणाल, तर तेही गोष्ट ऐकत असावं. एकदाही मध्ये बोललं नाही. अडचण वेगळीच होती. ही गोष्ट मी चालता चालता रचत आलो होतो, आणि सासूला खाली कसं आणायचं हे मला ठाऊक नव्हतं.

मी गुडघे वाकवून, श्वास सोडत भाचीला पाटावर उभं केलं आणि कानात सांगितलं, "सासू अजून वरच आहे." ती खदखदून हसली, आणि अक्षता पडायला लागल्या.