आमच्या दारची जास्वंद

गेल्या महिन्यात एका ऑर्डरवरून माझ्या दुकानात चांगलाच पेच पडला...

डहाणूत स्टेशनपासून जवळच माझं मग आणि टी-शर्ट प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. बारशाचे फोटो, रिटायरमेंटचे फोटो, क्रिकेट टीमची नावं... काय म्हणाल ते छापते, आणि चांगलं छापते. हे मीच सांगतेय, कारण खरं आहे.

तर एक दिवस हेमांगी आली. इथल्याच आगर गावची मुलगी, बॉटनीत एमएस्सी करतेय. तिला साखरपुड्याच्या पाहुण्यांना द्यायला मग हवे होते. मला वाटलं, दोघांचा फोटो असेल, बदामाच्या आकारात... तर तिने मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर एक केशरी-पिवळा गोळा, अंगभर काटे!

"परागकण आहे ताई, फुलातला. कॉलेजच्या मायक्रोस्कोपमधून मी स्वतः फोटो काढलाय."

मला चित्र आवडलं. कुठल्या फुलातला, हे विचारायचं मात्र राहून गेलं. नमुन्याचा एक मग छापला, हीट प्रेसमधून काढला आणि काउंटरवर ठेवला. रंग असा उठला होता की मीच दोनदा फिरवून बघितला.

दुसऱ्या दिवशी तो नमुना बघायला तिचे मामा आले. हेमांगी लहानपणापासून मामा-मामीकडेच वाढलेली. मामांची स्वतःची होडी आहे. भारदस्त माणूस, दुकानात शिरले तेच मोठ्याने "कुठाय आमच्या पोरीचा मग?" करत.

मी दिलेला मग हातात घेऊन चित्र बघितलं.

"ताई, हा तर कोरोना आहे."

मला हसू फुटलं... आणि त्यांचा चेहरा बघून तिथेच विरलं.

"हिची मामी त्यातच गेली," ते म्हणाले. चित्र भिंतीकडे जाईल असा मग फिरवून ठेवला. "दोघांचा फोटो टाका. पोरीला मी नंतर सांगतो."

आता बघा... समोरच्या माणसाच्या जिव्हारी लागलंय, हे दिसत होतं. पण ऑर्डर हेमांगीची होती, चित्र तिचं होतं. तिला न विचारता ते बदलणं मला पटेना. मी सरळ सांगितलं, "मामा, तुम्हाला दुखवायचं नाहीये मला. पण तिच्या अपरोक्ष मी काही बदलणार नाही. तिलाच बोलावते."

त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि फोन लावला. वातावरण कसं होतं, ते विचारू नका...

हेमांगी धावतच आली. फोनवर मी थोडक्यात सांगितलं होतंच. "मामा, माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही रे..."

"तू चुकलीस असं नाही गं. पण मला ते बघवत नाही."

"मग नको. काढून टाकू, फोटो छापू. फक्त कुठल्या फुलातला आहे तेवढं ऐक... आपल्या दारातल्या जास्वंदीचा आहे. मामीने लावलेल्या."

मी हातातलं काम खाली ठेवलं.

"मामी रोज मासळी घेऊन बाजारात निघायची, त्याआधी त्याच झाडाचं फूल गणपतीला वाहायची," हेमांगी मला म्हणाली. मग मामांकडे वळली. "साखरपुड्यात तिचं काहीतरी असावं, असं वाटलं मला. तिचा फोटो लावला असता, तर तू दिवसभर रडत बसला असतास."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. भिंतीकडे तोंड केलेला तो मग उचलला आणि चित्र अगदी डोळ्यांजवळ नेलं.

"हे पिवळं... फूल तोडताना बोटाला लागतं, ते?"

"हो, तेच. त्यातला एक कण."

"ती बोटं पदराला पुसायची," मामा म्हणाले. "सगळे पदर पिवळे करून ठेवले होते..." आणि हसले. डोळे भरले होते, पण हसले.

पुढचा तोडगा त्यांनीच काढला. "चित्र राहू दे. फक्त खाली ठळक लिहा, 'आमच्या दारची जास्वंद'. नाहीतर माझ्यासारखा आणखी कोणी घाबरेल."

लगेच नवा नमुना काढला. अक्षरं मुद्दाम लाल, फुलासारखी.

साखरपुड्याला मलाही बोलावणं होतं. मुलाकडची मंडळी गुजरातच्या सीमेवरच्या वेवजी गावची, त्यांचे बरेच नातेवाईक गुजरातेतले. मग वाटायचं काम मामांनी दुसऱ्या कुणाला करूच दिलं नाही. एका आजोबांनी मग उलटसुलट करत, हे काय आहे म्हणून गुजरातीत विचारलं, "आ शुं छे?"

"अमारा घरनी जासूद छे," आमच्या घरची जास्वंद आहे, असं मामाही गुजरातीत म्हणाले. आणि पुढचं मराठीतच... "हिच्या मामीने लावलेली. एवढासा कण असतो, पण बघा काय सुंदर आहे!"

आजवर कितीतरी माणसांचे चेहरे छापले मी. चेहरा नसलेलं एक माणूस मात्र पहिल्यांदाच छापलं... हेमांगी, मामा, हे काम माझ्या हातून करून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार.